दूध पिताना रडते

"मुलगी. वय साडेतीन महिने. वजन चार किलो दोनशे. दूध पिताना रडते. चार घोट पिते, सोडते, कपाळावर घाम येतो, पांढरी पडते, मग रडते," असं सर्जनबाई त्याच्या कानात म्हणाल्या आणि त्याची बोटं थांबली. बाई थांबल्या नाहीत. त्या आपल्या पुढे, आधी दिलेल्या औषधांवर, मग छातीच्या फोटोवर गेल्या, आणि तो मागेच राहिला. त्याने टेबलाखालचं पॅडल टाचेने दाबलं. बाई मुकाट मागे आल्या. दूध पिताना रडते, त्या पुन्हा म्हणाल्या, सामानाची यादी वाचावी तशा. त्याने परत पॅडल दाबलं. पाचव्यांदा ऐकून झाल्यावर त्याने कानावरचे हेडफोन काढले, टेबलावर ठेवले, आणि आपण हे का केलं हे न कळून पुन्हा घातले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं होतं.

मोठ्या इस्पितळाच्या टायपिंगच्या खोलीत तो अकरा वर्षं होता. ऑपरेशन झालं की सर्जन मंडळी हात धुऊन एका छोट्या यंत्रात बोलून टाकत, काय उघडलं, काय दिसलं, काय शिवलं. आणि ते बोलणं त्याच्या कानात येऊन त्याच्या बोटांतून कागदावर उतरे. शेकडो हृदयं त्याच्या हाताखालून गेली होती, पण खरं हृदय त्याने एकदाही बघितलेलं नव्हतं, आणि बघायची हौसही नव्हती. माणसं मात्र तो आवाजावरून पुरती ओळखून होता. एक सर्जन दर तिसऱ्या वाक्याला नाक ओढायचे. दुसरे बिस्किट खात बोलायचे, त्यामुळे त्यांच्या झडपा आणि त्यांची बिस्किटं एकाच वेळी कुरकुरायची. लहान मुलांच्या सर्जनबाई नुकत्याच जिना चढून आल्यासारख्या श्वास घेत, आणि शेवटी "बस, एवढंच" म्हणत. पेशंट वाचला नसेल तर प्रत्येकाचं बोलणं एकदम व्याकरणशुद्ध होई, हेही त्याला ठाऊक होतं. तेवढ्यावरून त्याला शेवट आधीच कळायचा.

पण मुलांच्या फायली त्याच्याकडे येतच नसत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने समोरच्या टेबलावरच्या ताईंना म्हटलं होतं, "मुलांचं तेवढं तुम्ही घ्या, मोठ्यांचं सगळं मी करतो." ताईंनी कारण विचारलं नाही. इस्पितळात कारणं विचारायची नसतात, हे त्या त्याच्या आधी शिकल्या होत्या. अकरा वर्षं हा व्यवहार बिनबोभाट चालला. आता ताई लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस रजेवर गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "दोनचारच असतील हो, घ्याल ना सांभाळून?" तो हो म्हणाला. नाही म्हणून कारण सांगतो कोणाला. चोवीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, असं त्याने मनाला बजावलं, आणि पहिलीच फाईल ही निघाली.

त्याच्या मुलीला घरात ठकी म्हणत. कागदावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते वापरायची वेळच आली नाही. पहिला महिना ती शहाण्यासारखी होती. प्यायची, झोपायची, जांभई देताना सगळं तोंड त्या जांभईला देऊन टाकायची. मग दुसऱ्या महिन्यात कधीतरी ते सुरू झालं. त्याची बायको आतल्या खोलीत खिडकीशी पाठ करून बसायची, ठकी घाईघाईने तोंड लावायची, चारपाच घोट ओढायची, आणि मग चटका बसल्यासारखी मान मागे टाकून किंचाळायची. कपाळावर घामाचे थेंब. हिवाळ्यात. तो आपल्या सदऱ्याच्या बाहीने ते थेंब टिपायचा आणि पंखा लावू का विचारायचा, आणि बायको म्हणायची, "थंडी आहे, अहो." त्या बाहीचा ओलेपणा मनगटाला कसा लागायचा, ते त्याला आता इथे, कीबोर्डवर हात ठेवून बसल्या बसल्या, जसंच्या तसं जाणवलं. माणूस चेहरे विसरतो, त्यालाही ठकीचा चेहरा आता धड आठवत नव्हता, फोटोतलाच आठवे. पण मनगट काही विसरलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पोटात वारा धरतो, थेंब द्या. शेजारची म्हणाली, दात लवकर येणार. त्याची आई म्हणाली, "आईचं दूध बाधतंय, दुसरं काय." आणि तिने मोठ्या भोकाची बाटली आणली. बाटलीने ठकी खरोखरच कमी रडायची. मग काय, सगळ्या घराला पुरावाच मिळाला. बायको खिडकीशी बसली, ठकी रडायला लागली, की तो आत जायचा, मुलीला उचलायचा आणि बाहेरच्या खोलीत आईकडे नेऊन द्यायचा. बायको पदर सावरून तशीच बसून राहायची. आणि एकदा, हे त्याला चोवीस वर्षांत एक दिवसही विसरता आलं नव्हतं, एकदा मुलीला उचलताना तो हसत म्हणाला होता, "तुझं तोंड बघितलं की रडते बघ ही. हिला आजीच पसंत आहे." गमतीत म्हणाला होता. घर हलकं व्हावं म्हणून म्हणाला होता. बायकोही हसली होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी एका सकाळी ठकी गेली. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं, आणि ते त्यांनी मानलं, कारण लिहिलेलं होतं. तीन वर्षांनी मुलगा झाला तेव्हा बायकोने त्याला एकदाही पदराखाली घेतलं नाही. दाईने आणून दिला तेव्हा म्हणाली, "याला बाटलीच द्या." इतक्या सरळ आवाजात म्हणाली, की कोणाची पुढे बोलायची छातीच झाली नाही. मुलगा बाटलीवर वाढला, धडधाकट झाला, आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे आणि आठवड्यातून एकदा फोन करून काय जेवलात विचारतो.

त्याने पॅडलवरचा पाय काढला आणि बाईंना पुढे बोलू दिलं. डावी कोरोनरी महाधमनीतून निघालेली नाही, बाई म्हणाल्या, ती फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून निघाली आहे. हे शब्द टाइप करायला त्याला अवघड नव्हते. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं, आणि ते देणाऱ्या दोन नळ्या असतात, एवढं तो मोठ्यांच्या फायलींतून शिकलेला होता. या मुलीची त्यातली एक नळी जन्मतःच भलत्या ठिकाणी जोडलेली होती. जन्मल्यावर महिनाभर निभावतं. मग तिकडचा दाब उतरतो, नळीतलं रक्त उलटं फिरायला लागतं, आणि हृदय उपाशी राहतं. मूल नुसतं पडून असेल तोवर कळतही नाही. कष्ट पडले की छातीत कळ येते. आणि त्या वयाच्या मुलाला कष्टाचं काम एकच असतं. बाईंनी ते असंच सांगितलं, नाक न मुरडता, आवाज न चढवता: "या वयात दूध ओढणं हाच व्यायाम. मोठ्या माणसाला जिना चढताना जे होतं ते हिला पिताना होत होतं. पूर्वी पोटदुखी समजून उपचार." त्याने टाइप केलं, पूर्वी पोटदुखी समजून उपचार. मग छाती उघडली, हृदय थांबवलं, यंत्रावर घेतलं. नळी तिच्या मुळाशी बटणाएवढ्या गोल तुकड्यासकट कापून सोडवली. बटणही कसलं, बाहुलीच्या झग्याचं. महाधमनीला तेवढंच भोक पाडून ती तिथे शिवली, पीळ पडू न देता. धागा केसाहून बारीक. मग रक्त सोडलं. हृदयाचा डावा भाग पांढुरका होता तो गुलाबी झाला. "आधी नीट चाललं नाही," बाई म्हणाल्या आणि इतका वेळ थांबल्या की त्याला वाटलं यंत्र बंद पडलं. "मग चाललं. बस, एवढंच." बाईंचं वाक्य अर्धवट होतं, व्याकरण ढिलं होतं, आणि त्यावरून त्याला कळलं की ही मुलगी जगणार. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो हेवा. साडेतीन महिन्यांच्या परक्या पोरीचा त्याला असा काही हेवा वाटला की त्याची त्यालाच शरम वाटून त्याने फाईल बंद केली.

त्यानंतरचे दिवस तो कामावर गेला, घरी आला, भाजी आणली, पण हे सगळं दुसऱ्याच कोणीतरी केल्यासारखं. बसच्या थांब्यावर उभा असताना त्याची नजर पंचविशीच्या मुलींच्या गळ्याशी जायला लागली. सर्जनबाईंनी एका फायलीत म्हटलं होतं, व्रण मोठेपणी फिकट होईल, गळ्याखाली इंचभर दिसेल. तो इंचभर व्रण तो शोधत होता. पावडर लावलेले गळे, ओढणीने झाकलेले, साखळी घातलेले. एक मुलगी फोनवर भांडत होती आणि भांडता भांडता हसत होती, तिच्याकडे तो इतका वेळ बघत राहिला की ती डोळे वटारून दोन पावलं सरकली. या वयात मार खायची लक्षणं, तो मनाशी म्हणाला. पण तिला सांगणार काय? की बाई, माझी मुलगी तुझ्या वयाची असती, तीही अशीच भांडली असती, माझ्याशीसुद्धा, आणि मला ते फार हवं आहे? ठकीची त्याला आठवण येत होती असं म्हणणं खरं नव्हतं. आठवायला ती होतीच किती. त्याला न झालेल्या गोष्टींची ओढ लागली होती. तिचा सर्दी झालेला आवाज. दार आपटून जाणं. परीक्षेच्या आदल्या दिवशी रडणं. चोवीस वर्षांचं एक अख्खं माणूस त्याला हवं होतं, आणि ते कोणत्या दुकानात मिळत नव्हतं.

घरी बायको असायची. ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसे, आणि हातात घेतलेल्या कशाचंही वजन काट्याआधी सांगे. बोलणं नेमकं, फापटपसारा नाही. तिच्यासमोर चहा घेताना त्याच्या जिभेवर शब्द येत आणि तो ते चहाबरोबर गिळे. सांगावं तर काय सांगावं. तुझं दूध बाधलं नव्हतं, हे सांगावं. हे ऐकायचा तिचा हक्क होता, चोवीस वर्षांपासूनचा. पण ते सांगितलं की दुसरं आपोआप मागून येणार होतं. म्हणजे इलाज होता? म्हणजे आपण वेळेवर नेलं असतं तर? एक दगड तिच्या छातीवरून उचलायचा आणि त्याहून मोठा ठेवायचा, हे कसलं औषध? आणि मुळात आपल्याला खात्री कुठे आहे?

खात्रीसाठी तो पाचव्या दिवशी सर्जनबाईंच्या खोलीबाहेर उभा राहिला. टायपिस्ट सर्जनला भेटायला जात नाही; अडलं तर नर्सला फोन लावतो. बाई त्याला ओळखतही नव्हत्या. त्याला त्यांचा श्वाससुद्धा माहीत होता आणि त्यांना त्याचा चेहरा नव्हता. त्याने आधी आपण कोण ते सांगितलं, मग उभ्या उभ्या ठकीचं सांगितलं, टाइप केल्यासारखं, वय, वजन, लक्षणं.

बाईंनी चष्मा काढला. "बसा, काका."

तो बसला नाही. "तेच होतं का, एवढंच विचारायचंय."

"बघितल्याशिवाय मी कसं सांगू? पिताना घाम येणं, रडणं, ही बऱ्याच गोष्टींची लक्षणं आहेत."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

बाईंनी जरा वेळ टेबलावरच्या पेनाकडे बघितलं. "तुम्ही जसं सांगताय तसं असेल," त्या म्हणाल्या, "तर आधी मला तेच वाटलं असतं. हृदयाचं होतं असं तर मी म्हणेनच. पोटाचं नव्हतं."

"तेव्हा होत होतं का हे ऑपरेशन? चोवीस वर्षांपूर्वी?"

"थोड्या ठिकाणी होत होतं," बाई म्हणाल्या. मग, त्याचा चेहरा बघून, "आधी कोणाला तरी ओळखू यावं लागतं, काका. आजही पुष्कळांना येत नाही. तुम्हाला कसं येणार?"

त्याने मान हलवली. हे वाक्य दिलासा म्हणून दिलेलं होतं आणि त्याने ते दिलासा म्हणूनच घेतलं, पण खिशात घालायला गेला तर ते मावेना. थोड्या ठिकाणी होत होतं. म्हणजे होत होतं.

बाराव्या दिवशी त्या मुलीला घरी सोडायचे कागद टाइपला आले. त्यात आईचं वय राहिलं होतं. एक फोन पुरला असता. तो चार मजले चढून गेला. वॉर्डच्या कोपऱ्यात पडदा ओढलेला होता आणि पडद्याबाहेर स्टुलावर एक आजी बसली होती, मुलीची आजी, पिशवी मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत. त्याने कागदाचं कारण सांगितलं. "जरा थांबा," आजी म्हणाली, "पाजतेय." तो संकोचून मागे सरला. वॉर्डात सगळीकडे यंत्रं टिकटिकत होती, कोणाचं तरी मूल खोकत होतं, पण त्याचे कान कामाचे होते, अकरा वर्षं खरखरीतून शब्द वेचलेले, आणि त्यांनी त्या गलक्यातून पडद्यामागचा आवाज बरोबर वेचला. मूल पीत होतं. घोट, घोट, मग नाकाने एक श्वास, पुन्हा घोट. तो मोजत नव्हता तरी त्याचं अंग मोजत होतं. चार. पाच. इथे आता किंचाळी येणार. सहा. सात. आवाज चालू राहिला, संथ, जराशा हावरटपणे, थांबायचं नावच नाही.

"ऐकताय ना?" आजी म्हणाली. तिला वाटलं असेल, हा माणूस कौतुकाने थांबलाय. "बारा दिवसांपूर्वी यायला हवं होतं तुम्ही. मायलेकी दोघी रडायच्या. आणि मी शहाणी म्हणायचे, तुझं दूध बाधतंय तिला. आता सूनबाई माझ्याशी कामापुरतं बोलते."

"बोलतील हळूहळू," तो म्हणाला.

"न बोलली तरी चालेल. तिला खरं कळलं ना. नाहीतर जन्मभर तसंच धरून बसली असती."

आईचं वय सव्वीस होतं. ते कागदावर लिहून तो जिना उतरला, आणि उतरताना त्याने ठरवलं. खरं तर ठरवलं असं नाही; गिळायची ताकद संपली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारचं ऊन खिडकीतून आत येऊन पलंगाच्या अर्ध्यावर थांबलं होतं. बायको त्या अर्ध्या उन्हात बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तो समोर खुर्ची ओढून बसला. "एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि सांगायला लागला. चांगलं सांगता आलं नाही. नळ्यांपासून सुरुवात केली, मग फायलीवर गेला, मग ताईंच्या रजेवर, मग परत नळ्यांवर. ठकीचं नाव त्याने घेतलं तेव्हा बायकोचे हात थांबले. चोवीस वर्षांत त्या घरात ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारल्यावर कळलं की ते किती लहान आहे. त्याने काही हातचं राखलं नाही. सर्जनबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं, खात्री नाही म्हणाल्या तेही, आणि थोड्या ठिकाणी होत होतं तेही. ते सांगताना त्याला दरदरून घाम फुटला.

"त्या मुलीचं वजन किती होतं?" बायकोने विचारलं.

"चार किलो दोनशे."

"आपली तीन किलो नऊशे होती," ती म्हणाली. "शेवटी."

तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिला. वेळेवर नेलं असतं तर. त्याने उत्तरं तयार ठेवली होती, चारपाच, एकही धड नव्हतं. बायकोने चादरीचा कोपरा दुसऱ्या कोपऱ्याला जुळवला आणि परत सोडून दिला.

"म्हणजे दुखायचं म्हणून सोडायची?"

"हो."

"माझं दूध नको म्हणून नाही."

"नाही. दुधाचा काही संबंधच नव्हता. मी तुला त्या वेळी जे म्हणालो होतो ना..."

"मला आठवतंय काय म्हणाला होतात ते," ती म्हणाली. रागावून नाही. ती आता त्याच्याशी बोलत नसावी, त्या खोलीत, त्या खिडकीशी बसून काहीतरी परत परत बघत असावी. आणि एकदम तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की त्याला तो चेहरा ओळखू येईना. तो फार तरुण होता. "पण ती परत यायची," ती म्हणाली. "रडून झालं की परत तोंड लावायची. दरवेळी. दुखणार हे कळत असणार की तिला, दोन महिने तेच चाललं होतं. तरी लावायची."

"हो."

"म्हणजे तिला हवं असायचं."

हा विचार बारा दिवसांत त्याला एकदाही शिवला नव्हता. त्याने दुखणं बघितलं होतं, चूक बघितली होती, न जगलेली चोवीस वर्षं बघितली होती, आणि इतकी साधी गोष्ट त्याला दिसलीच नव्हती.

"हवं असायचं तिला," बायको म्हणाली, "आणि मी तिला तुमच्या आईकडे देऊन टाकायचे."

"तू नाही दिलंस," तो म्हणाला. "मी न्यायचो. तू बसलेली असायचीस, मी तुझ्या मांडीवरून उचलून न्यायचो."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याला वाटलं, आता हिने मला काहीही म्हणावं, काहीही, आपण ऐकून घेऊ. ऊन पलंगावरून सरकून तिच्या पायाशी गेलं होतं.

"हो," ती म्हणाली, "तुम्हीच न्यायचात. आणि तुम्ही दाराकडे निघालात की ती तुमच्या खांद्यावरून मान वळवून माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, सुटले एकदाची म्हणून बघतेय."